अमेरिकेतला लॅटिनो समाज इंटरनेट कसा वापरतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या दवाखान्यांत, शाळांत, मदतसंस्थांत किंवा वृत्तमाध्यमांत काम करणारी मराठी मंडळी आणि माध्यमांचा अभ्यास करणारे विद्यार्थी हे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. बहुतेक प्रश्नांमागे एक समज असतो: इंग्रजी संकेतस्थळाचं स्पॅनिश भाषांतर केलं की माहिती पोहोचली. तसं होत नाही. माहिती पोहोचते ती हातातल्या फोनवर, ओळखीच्या माणसाकडून आणि पुष्कळदा आवाजातून. खालची उत्तरं याच धाग्याने वाचावीत.

लॅटिनो म्हणजे नेमके कोण?

२०२० च्या जनगणनेत अमेरिकेत ६ कोटी २१ लाख लोकांनी स्वतःला हिस्पॅनिक किंवा लॅटिनो म्हणवलं. हे प्रमाण लोकसंख्येच्या १८.७ टक्के भरतं. त्यांच्यात दहातले सुमारे सहा जण मेक्सिकन मुळाचे आहेत. त्यांच्यामागोमाग प्वेर्तो रिको, एल साल्वादोर, डॉमिनिकन रिपब्लिक आणि क्युबा इथून आलेले लोक येतात. प्वेर्तो रिको हा अमेरिकेच्याच अखत्यारीतला प्रदेश; तिथले लोक जन्मतःच अमेरिकी नागरिक असल्याने व्हिसा-आश्रयाच्या बातम्यांचं त्यांना काम नसतं. मायामीतल्या क्युबन आजोबांचा रेडिओ आणि मेक्सिकोच्या वाहाका राज्यातून लॉस एंजेलिसला आलेल्या शेतमजुराचा फोन यांत भाषा सोडली तर फारच थोडं समान आहे. म्हणून ‘लॅटिनो वापरकर्ता’ असा एकच माणूस गृहीत धरून आखलेली योजना पहिल्याच आठवड्यात अडते. विद्यापीठांत रूढ झालेला, स्त्री-पुरुष भेद टाळणारा ‘लॅटिनएक्स’ हा शब्दही जपून वापरा. जनमत पाहण्या करणाऱ्या प्यू संशोधन केंद्राच्या २०२४ च्या अहवालानुसार स्वतःसाठी तो वापरणारे प्रौढ केवळ ४ टक्के आहेत.

घरी ब्रॉडबँड न घेता फोनवरच सगळं का चालतं?

प्यूच्या २०२१ च्या पाहणीत २५ टक्के लॅटिनो प्रौढांकडे स्मार्टफोन होता, पण घरी ब्रॉडबँड नव्हतं. गोऱ्या प्रौढांत हेच प्रमाण १२ टक्के होतं. पुढच्या वर्षांत ही दरी कमी झाली, पण मिटली नाही. कारणं साधी आहेत. ब्रॉडबँडसाठी महिन्याचं बिल, अनेकदा पत तपासणी किंवा अनामत आणि एक कायमचा पत्ता लागतो. एका घरात दोन-तीन कुटुंबं राहत असतील, कामानुसार गाव बदलत असेल, तर हे जमत नाही. प्रीपेड फोन रोख पैशांत मिळतो आणि त्याच्या पुष्कळ योजनांत मेक्सिकोला फोन करण्याची सोयही असते.

मदतीची सरकारी योजनाही टिकली नाही. परवडणाऱ्या जोडणीच्या कार्यक्रमातून घरटी महिना ३० डॉलरची सूट मिळत होती. निधी संपल्यावर १ जून २०२४ रोजी तो कार्यक्रम बंद झाला, तेव्हा सुमारे २ कोटी ३० लाख कुटुंबं त्यात होती. उरली ती ‘लाइफलाइन’ या दुसऱ्या सरकारी योजनेची महिना ९.२५ डॉलरची सूट.

फोनवरच भिस्त असल्याचे परिणाम काम आखणाऱ्याने समजून घ्यायला हवेत. बारा पानी पीडीएफ फोनवर भरता येत नाही. अर्जाची साखळी वीस मिनिटांची असेल आणि मध्येच डेटा संपला, तर भरलेलं सगळं जातं. म्हणून प्रत्येक पानावर जतन करण्याची सोय द्या. सगळ्यात मोठी अडचण नंबर बदलण्याची. प्रीपेड नंबर वेळेत रिचार्ज झाला नाही की जातो, आणि त्याच्यासोबत व्हॉट्सॲप, पैशांचं ॲप आणि ओटीपीवर चालणारी सगळी खातीही अडकतात. नोंदणी करताना दुसऱ्या एखाद्या विश्वासातल्या माणसाचा नंबर मागून ठेवला, तर संपर्क तुटत नाही.

व्हॉट्सॲपच इतकं का?

२०२३ च्या प्यू पाहणीत ५४ टक्के लॅटिनो प्रौढ व्हॉट्सॲप वापरत होते. गोऱ्यांत हे प्रमाण २० टक्के आणि आशियाई लोकांत ५१ टक्के होतं. मराठी वाचकाला याचं कारण वेगळं सांगायला नको. घरचे लोक दुसऱ्या देशात आहेत आणि तिथे सगळे व्हॉट्सॲपवर आहेत. लॅटिन अमेरिकेत साधे एसएमएस दीर्घकाळ महाग होते, आणि अनेक कंपन्यांनी व्हॉट्सॲपचा डेटा योजनेतून मोजायचा नाही असं ठरवलं. त्यामुळे आजीपासून भाचीपर्यंत सगळं गोत त्यावर आलं. अमेरिकेत आलेला माणूस तीच सवय सोबत आणतो. मुलाच्या शाळेचा गट, चर्चचा गट, ठेकेदाराचा ‘उद्या पाच वाजता इथे या’ हा निरोप, सगळं तिथेच.

बातम्या स्पॅनिशमध्ये घेतात की इंग्रजीत?

सरसकट स्पॅनिश हे उत्तर चुकीचं आहे. प्यूच्या २०२३ च्या पाहणीत ५४ टक्के लॅटिनो प्रौढ बातम्या मुख्यतः इंग्रजीत घेत होते, २१ टक्के मुख्यतः स्पॅनिशमध्ये आणि २३ टक्के दोन्हींत सारख्याच. अमेरिकेत जन्मलेल्यांत इंग्रजीचं पारडं फार जड आहे. स्थलांतरितांत स्पॅनिश टिकून आहे.

स्पॅनिश माध्यमांची परंपरा अमेरिकेत जुनी आहे. न्यू ऑर्लिन्समध्ये १८०८ साली पहिलं स्पॅनिश वृत्तपत्र निघालं. लॉस एंजेलिसचं ‘ला ओपिनियॉन’ १९२६ पासून चालू आहे. टेक्सासातल्या सॅन अँटोनिओत १९५५ साली स्पॅनिश दूरचित्रवाणी केंद्र सुरू झालं आणि त्यातूनच पुढे युनिव्हिजनचं जाळं वाढलं. २०२२ मध्ये युनिव्हिजन मेक्सिकोच्या तेलेविसा या माध्यमसमूहाच्या आशयविभागाशी जोडली गेली आणि त्याच वर्षी ‘व्हिक्स’ ही ऑनलाइन प्रक्षेपणसेवा आली. पण या परंपरेत रेडिओचं स्थान सगळ्यांत घट्ट आहे. शेतात, स्वयंपाकघरात, बांधकामावर हात गुंतलेले असतात आणि कान मोकळे. फ्रेस्नोचा ‘रादियो बिलिंग्वे’ १९८० पासून ना-नफा तत्त्वावर चालतो. आज तोच श्रोता फोनवर तीच केंद्रं ऐकतो, म्हणून ध्वनिफीत हे माध्यम या समाजात नवं वाटतच नाही.

व्हॉट्सॲपवर बातमीसेवा किंवा माहितीसेवा चालवायची तर कशी?

न्यूयॉर्कची ‘डॉक्युमेंटेड’, २०२० मध्ये सुरू झालेली ‘कोनेक्ता ॲरिझोना’ अशा संस्थांनी हे करून दाखवलं आहे. ‘कोनेक्ता ॲरिझोना’चे वाचक ॲरिझोनात आणि सीमेपलीकडच्या मेक्सिकोतल्या सोनोरा राज्यातही आहेत. या सेवांचा गाभा म्हणजे प्रश्नोत्तर: लोक विचारतात, संपादक शोधून उत्तर देतात आणि त्या उत्तरातून पुढची बातमी तयार होते.

आधी साधन निवडा, कारण इथेच सगळ्यात गंभीर चूक होते. साध्या गटात १,०२४ माणसं मावतात, पण प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो. सदस्यांत कागदपत्रं नसलेले लोक असतील तर असा गट उघडू नका. कोणीही आत शिरून नंबरांची यादी उचलू शकतो, आणि ठग हेच करतात. प्रसारण यादीत नंबर झाकलेले राहतात, पण एका यादीत २५६ जणच बसतात आणि तुमचा नंबर ज्याने फोनमध्ये जतन केला आहे त्यालाच निरोप मिळतो. पहिल्याच निरोपात संपर्कपत्र पाठवून ‘हे जतन करा’ असं सांगितलं नाही, तर अर्धी यादी मुकी राहते आणि तुम्हाला कळतही नाही. चॅनेलमध्ये अनुयायांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत. मात्र संवाद एकतर्फी होतो, म्हणून सोबत प्रश्नांसाठी वेगळा नंबर द्यावा लागतो.

व्हॉट्सॲपची संस्था-व्यवसायांसाठीची प्रणाली (बिझनेस प्लॅटफॉर्म) घेतली तर २४ तासांचा नियम लक्षात ठेवा. माणसाच्या शेवटच्या निरोपापासून २४ तास तुम्ही हवं ते लिहू शकता. त्यानंतर फक्त व्हॉट्सॲपकडून आधी मंजूर करून घेतलेला निरोपाचा साचाच पाठवता येतो. ‘उत्तर शोधून दोन दिवसांनी कळवतो’ असं सांगणाऱ्या संस्था इथे अडकतात. ‘तुमच्या प्रश्नाचं उत्तर तयार आहे, हवं असल्यास हो लिहा’ असा साचा पहिल्या दिवशीच मंजूर करून ठेवावा.

निरोप लहान असावा आणि दुव्याशिवाय समजावा. महत्त्वाचं उत्तर दीड-दोन मिनिटांच्या आवाजी निरोपातही द्या, आणि तो आवाज दरवेळी त्याच माणसाचा असू द्या. लोक त्या आवाजाला ओळखू लागतात, मग त्यालाच अडचणीही सांगतात. असा विश्वास कुठल्याही जाहिरातीने येत नाही.

एसएमएस अजून चालतो का?

चालतो. ओकलंडची ‘एल तिंपानो’ ही संस्था लॅटिनो आणि माया या मूळनिवासी समाजाच्या स्थलांतरितांशी मुख्यतः एसएमएसनेच बोलते. डेटा संपलेल्या फोनवरही तो पोहोचतो.

खर्चाचा हिशेब मात्र नीट करा. एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात, पण ती ठरावीक संचातली असली तरच. त्या संचात स्पॅनिशचा ‘एन्ये’ (ñ) आहे, उलटं प्रश्नचिन्ह आहे, आघातचिन्ह असलेला ‘ए’ (é) सुद्धा आहे. आघातचिन्हाचे ‘आ’, ‘ई’, ‘ओ’ आणि ‘ऊ’ (á, í, ó, ú) मात्र नाहीत. यांतलं एकही अक्षर आलं की अख्खा निरोप युनिकोडमध्ये जातो आणि मर्यादा ७० वर येते. लांब निरोपाचे तुकडे होतात तेव्हा प्रत्येक तुकड्यात १६० ऐवजी १५३ आणि ७० ऐवजी ६७ अक्षरं बसतात. म्हणजे १५० अक्षरांचा निरोप एका खुणेमुळे एकाचे तीन होतो आणि खर्चही तिप्पट. देवनागरीत लिहिणाऱ्यांना ही ७० ची मर्यादा कायमचीच आहे. यावर उपाय म्हणून सगळ्या खुणा काढून टाकू नका, अशुद्ध स्पॅनिश पाहून लोकांना निरोप खोटा वाटतो. ज्या शब्दांत ती अक्षरं येत नाहीत असे पर्यायी शब्द शोधा, किंवा तिप्पट खर्च धरून चाला.

सगळ्यांना स्पॅनिश येतं ना?

नाही, आणि हा प्रश्न उशिरा विचारला गेल्यामुळे पुष्कळांचं नुकसान झालं आहे. ग्वातेमालातून आलेल्या अनेकांची भाषा माम, किचे किंवा कन्होबाल आहे. मेक्सिकोच्या वाहाका आणि गेरेरोतून आलेले शेतमजूर मिश्तेको, सापोतेको, त्रिकी बोलतात. एका भाषेतही खोऱ्याखोऱ्यागणिक बोली बदलते, इतकी की शेजारच्या गावची मिश्तेको कळत नाही. यांतले बहुतेक जण आपली भाषा बोलतात पण वाचत नाहीत, कारण शाळा होती ती स्पॅनिशची. त्यामुळे माममध्ये छापलेलं पत्रक वाया जातं. मामभाषक व्यक्तीने सांगितलेला आवाजी निरोप किंवा छोटी चित्रफीत मात्र कानोकानी पसरते. कॅलिफोर्नियातल्या ऑक्सनार्डमध्ये ‘रादियो इंदिहेना’ याच कामासाठी उभा राहिला, आणि कोविडकाळात लॉस एंजेलिसच्या ‘सिएलो’ या संस्थेने मूळनिवासी भाषांत आरोग्यविषयक चित्रफिती काढल्या. काम सुरू करण्याआधी केवळ ‘कोणती भाषा’ विचारून भागत नाही. कोणता देश, कोणतं गाव, हेही विचारा.

घरी पैसे ऑनलाइन कसे पाठवतात, आणि कुठे चुकतं?

या पैशांना ‘रेमेसास’ म्हणतात. २०२४ मध्ये एकट्या मेक्सिकोला ६४ अब्ज डॉलरहून अधिक रेमेसास आल्या, बहुतेक अमेरिकेतून आणि जवळजवळ सगळ्या इलेक्ट्रॉनिक मार्गाने. पाठवणारा ॲप वापरतो किंवा कोपऱ्यावरच्या दुकानात रोख भरतो. घेणारा बँकखात्यात घेतो, किंवा ओक्सो, एलेक्त्रा यांसारख्या दुकानातून रोख उचलतो.

शुल्क पाहून सेवा निवडू नका. समोरच्याच्या हातात किती पेसो पडतात तेवढंच पाहा. समजा तुमच्याकडे ३०० डॉलर आहेत. एक सेवा शून्य शुल्क घेते आणि डॉलरला १८.१० पेसो देते, तर ५,४३० पेसो मिळतात. दुसरी ३.९९ डॉलर शुल्क घेते पण दर १८.६० देते. शुल्क वजा जाता २९६.०१ डॉलरचे सुमारे ५,५०६ पेसो होतात. फुकट म्हणवणारी सेवा ७६ पेसोंनी महाग पडली. हे दर उदाहरणासाठी घेतले आहेत, पण हिशेब असाच करायचा. ‘पहिल्यांदा पाठवणाऱ्यांसाठी खास दर’ दुसऱ्या वेळी राहत नाही, म्हणून दर दरवेळी तपासा.

चुका बहुधा नावात होतात. स्पॅनिश नावांना दोन आडनावं असतात, आधी वडिलांचं, मग आईचं. अमेरिकी ॲपमध्ये आडनावाचा रकाना एकच असतो, पाठवणारा एकच आडनाव लिहितो आणि घेणाऱ्याच्या मतदार ओळखपत्रावर दोन असल्याने दुकानदार पैसे अडवतो. ओळखपत्राचा फोटो मागवून त्यावरचं नाव जसंच्या तसं टाका. खात्यात पाठवत असाल तर मेक्सिकोचा ‘क्लाबे’ क्रमांक १८ अंकी असतो. पहिले तीन अंक बँकेचे आणि शेवटचा पडताळणीचा. कार्डावरचा १६ अंकी क्रमांक म्हणजे क्लाबे नव्हे.

कायद्याचं संरक्षण आहे, ते वापरा. १५ डॉलरवरच्या व्यवहारात पैसे भरण्याआधी शुल्क, दर आणि मिळणारी रक्कम दाखवणं बंधनकारक आहे. पैसे भरल्यापासून ३० मिनिटांत, ते उचलले गेले नसतील तर, व्यवहार रद्द करून पूर्ण रक्कम परत मागता येते. चूक झाली असेल तर पैसे मिळण्याच्या ठरलेल्या तारखेपासून १८० दिवसांत तक्रार करता येते. १ जानेवारी २०२६ पासून रोख, मनीऑर्डर किंवा कॅशियर चेकने पाठवलेल्या पैशांवर १ टक्का कर लागतो. अमेरिकी बँकखात्यातून किंवा अमेरिकेत दिलेल्या डेबिट-क्रेडिट कार्डवरून पाठवले तर लागत नाही. क्रेडिट कार्ड मात्र टाळा, पुष्कळ बँका याला रोख उचल समजून वेगळं शुल्क आणि पहिल्या दिवसापासून व्याज लावतात.

अफवांचं काय?

इथे महाराष्ट्र आणि मेक्सिको यांना जोडणारी एक दुःखद गोष्ट आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. त्याच वर्षी २९ ऑगस्टला मेक्सिकोच्या प्वेब्ला राज्यातल्या आकात्लानमध्ये तशाच व्हॉट्सॲप अफवेवरून दोन निरपराध माणसांना जाळण्यात आलं. जमावातल्या कोणीतरी ते फेसबुकवर थेट दाखवलं आणि मारल्या गेलेल्या दोघांतल्या एकाच्या आईने ते अमेरिकेत बसून पाहिलं. भारतातल्या घटनांनंतर व्हॉट्सॲपने एका वेळी पाचच जणांना निरोप पुढे पाठवण्याची मर्यादा आधी भारतात आणि जानेवारी २०१९ मध्ये जगभर लावली. एप्रिल २०२० पासून दुहेरी बाण असलेला, म्हणजे पुष्कळदा पुढे गेलेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो.

तरी अफवा थांबत नाहीत, कारण त्या खासगी गटांत फिरतात आणि बाहेरच्याला दिसत नाहीत. अर्जेंटिनाची ‘चेकेआदो’ आणि स्पेनची ‘माल्दिता’ या तथ्य तपासणाऱ्या संस्थांनी २०२२ मध्ये अमेरिकेतल्या स्पॅनिशभाषकांसाठी ‘फॅक्टचेकेआदो’ सुरू केलं. युनिव्हिजनचं ‘एल डिटेक्टर’ आणि तेलेमुंदो या स्पॅनिश दूरचित्रवाणी जाळ्याचं ‘टी वेरिफिका’ हेही तेच काम करतात. लोकांनी संशयास्पद निरोप थेट व्हॉट्सॲपवर पाठवावा, उत्तर तिथेच मिळावं, ही त्यांची पद्धत खरोखर उपयोगी आहे. खुलासाही चित्र किंवा आवाजाच्या रूपात द्या, म्हणजे तो मूळ अफवेच्याच वाटेने परत जाऊ शकतो. दुवा दिला तर तो कोणी उघडत नाही.

छाप्याची खबर आली तर ती कशी तपासतात?

स्थलांतर विभागाच्या लोकांना ‘ला मिग्रा’ म्हणतात. २०२५ मधल्या धरपकडीपासून अशा खबरा रोज फिरतात. खोटी खबरही नुकसान करते: लोक दवाखान्याची वेळ चुकवतात, मुलं शाळेत जात नाहीत. म्हणून स्थानिक मदत-जाळी सहा गोष्टी विचारतात: किती माणसं आणि गाड्या, काय करत आहेत, नेमकी जागा, गणवेशावर काय लिहिलं आहे, किती वाजता पाहिलं, आणि हत्यारं वा साधनं कोणती. वेळ आणि चौकाचं नाव नसलेली खबर पुढे पाठवू नये. गणवेशावर फक्त ‘पोलीस’ लिहिलेलं असेल तर ते स्थानिक पोलीसही असू शकतात आणि मिग्राही. म्हणून प्रत्यक्ष जाऊन पाहणारा प्रशिक्षित स्वयंसेवक लागतो. खबर खोटी ठरली तर तेही तितक्याच ठळकपणे कळवा. एकाच ॲपवर विसंबू नका. अशा खबरांसाठीचं ‘आइसब्लॉक’ ॲप ॲपलने ऑक्टोबर २०२५ मध्ये आपल्या दुकानातून काढलं आणि नव्या लोकांना ती वाट बंद झाली.

वकील म्हणवणाऱ्या ठगांपासून कसं वाचायचं?

मेक्सिकोत ‘नोतारियो’ हा वरच्या दर्जाचा कायदेतज्ज्ञ असतो. अमेरिकेतला नोटरी केवळ सही प्रमाणित करतो. या फरकाचा फायदा घेऊन फेसबुक आणि टिकटॉकवर ‘कामाचा परवाना मिळवून देतो’ अशा जाहिराती चालतात. धोका फक्त पैशांचा नाही. चुकीचा अर्ज एकदा दाखल झाला की माणूस थेट हद्दपारीच्या प्रक्रियेत सापडू शकतो. वकिलाचं नाव राज्याच्या वकील परिषदेच्या यादीत तपासा. वकील नसलेल्या सल्लागाराचं नाव न्यायखात्याच्या मान्यताप्राप्त प्रतिनिधींच्या यादीत असलंच पाहिजे. संकेतस्थळाच्या शेवटी ‘डॉट जीओव्ही’ आहे का पाहा. सरकारी कोरे अर्ज तिथे फुकट असतात. सरकारी अधिकारी व्हॉट्सॲपवर किंवा भेटकार्डांनी पैसे मागत नाही. कोऱ्या कागदावर सही करू नका आणि मूळ कागदपत्रं कोणाकडेही ठेवू नका.

सरकारी ॲप लोकांना उपयोगी पडतं का?

अमेरिकेच्या सीमासुरक्षा विभागाच्या ‘सीबीपी वन’ या ॲपचा अनुभव पुरेसा बोलका आहे. जानेवारी २०२३ पासून सीमेवर आश्रय मागणाऱ्यांना या ॲपवर वेळ घ्यावी लागत होती. ॲप इंग्रजी, स्पॅनिश आणि हैती क्रिओल एवढ्याच भाषांत होतं, म्हणजे माम बोलणारी आई आधीच बाहेर. जुन्या फोनवर ते अडखळायचं, सावळ्या-काळ्या चेहऱ्यांचा फोटो स्वीकारायला त्रास द्यायचं, आणि दिवसाला जास्तीत जास्त १,४५० वेळा मिळत होत्या. लोक निवारागृहांत वाय-फायसाठी पहाटे उठून बसत. २० जानेवारी २०२५ रोजी ती सोय बंद झाली आणि आधी मिळालेल्या हजारो वेळा एका दिवसात रद्द झाल्या. पर्यायी रांग नसलेलं ॲप गरजू माणसावर अन्याय करतं.

तरुण पिढी काय वेगळं करते?

मुलं घरची दुभाषी असतात. आईचा विम्याचा अर्ज, वडिलांची घरमालकाशी तक्रार हे सगळं बारा-तेरा वर्षांची मुलगी फोनवर भरत असते. दवाखान्यांनी तिच्यावर हे ओझं टाकू नये, दुभाषा द्यावा.

राजकारणातही या तरुणांनी इंटरनेटचा उपयोग लवकर ओळखला. मार्च २००६ मध्ये स्थलांतरविरोधी विधेयकाविरुद्ध लॉस एंजेलिसच्या विद्यार्थ्यांनी मायस्पेस आणि एसएमएसवरून वर्ग सोडण्याची हाक दिली, आणि त्यांच्या पालकांना रस्त्यावर आणलं ते स्पॅनिश रेडिओच्या निवेदकांनी. जुलै २०१९ मध्ये प्वेर्तो रिकोच्या शोधपत्रकारिता केंद्राने राज्यपाल रिकार्दो रोसेयो आणि सहकाऱ्यांच्या टेलिग्राम गप्पांची ८८९ पानं प्रसिद्ध केली. दोन आठवडे रस्ते भरून वाहिले आणि २ ऑगस्टला राज्यपालांना पद सोडावं लागलं.

यांत्रिक भाषांतर वापरलं तर चालेल का?

पहिला खर्डा म्हणून चालेल, तसाच पाठवायला नाही. यंत्र एका वाक्यात ‘तू’ आणि पुढच्यात ‘उस्तेद’ (आदरार्थी ‘तुम्ही’) वापरतं. अनोळखी मोठ्या माणसाशी बोलताना शेवटपर्यंत ‘उस्तेद’च हवं. तारीखही तपासा: अमेरिकेत महिना आधी लिहितात, लॅटिन अमेरिकेत दिवस आधी, म्हणून ५/६ असं न लिहिता महिन्याचं नाव लिहा. मजकूर ज्या समाजासाठी आहे तिथल्याच दोघांना मोठ्याने वाचायला द्या, त्यांच्या वेळेचं मानधन द्या, आणि जिथे ते अडखळतील ते वाक्य बदला.